फियाटच्या दाराची आतली बाजू

उजवा

पट्टी निघाली आणि अंबादास पेंटरला सगळ्यात आधी दिसली ती बायकोची साडी.

"नवी घेतली का?"

"बाप्पा! आपल्या सौमित्रच्या लग्नात नेसली होती ही," पुष्पा म्हणाली. "डॉक्टरनं डोळा बदलला का डोकं?"

लग्नात ती साडी हिरवी होती. आता निळी होती. डॉक्टर म्हणाले, असं होतं, मोतीबिंदू पिवळा असतो, तो गेला की रंग स्वच्छ दिसतात. सोमवारी डावाही करून टाकू. अंबादासने मान डोलावली आणि तडक गोहलपूरला आपल्या गाड्या रंगवायच्या शेडमध्ये गेला. तिथे लतिका नावाच्या गिऱ्हाइकाची जुनी फियाट उघडीवाघडी उभी होती, दारं काढलेली, पत्रा घासलेला. लतिकाचे वडील मुरलीधर गेले, गाडी तिच्याकडे आली, आणि तिचं एकच म्हणणं होतं: कंपनीतून निघाली तेव्हा जशी होती तशीच पाहिजे.

बाहेरून गाडीला तीनदा रंग मारलेला. मूळचा रंग उरला होता फक्त दाराच्या आतल्या बाजूला, रेक्झिनच्या पॅडमागे. फिका राखाडी, त्यात निळसर झाक. त्यावरून ऑपरेशनच्या आधीच अंबादासने रंग जमवला होता, राखाडीत थेंब थेंब निळा टाकत. दारावर ओढलेला नमुन्याचा पट्टा दिसेनासा झाला तेव्हा डब्याला झाकण लावलं. गोहलपुरात त्याचं नाव यावरच होतं. दुकानातला कंप्युटर चुकेल, अंबादासभैयाची नजर नाही.

आणि आता तो पट्टा दारावर ठिगळासारखा

डावा

पट्टा कुठे आहे? नाहीच. दार आणि डबा, एकच रंग.

उजवा

ठिगळ. निळंशार ठिगळ.

दोन्ही

तो शेडमध्ये एक डोळा मिटून, मग दुसरा मिटून उभा राहिला. समोरचा पंक्चरवाला ओरडला, "भैया, किसको आँख मार रहे हो?"

अंबादासला हसू आलं नाही. मोतीबिंदूतून जमवलेला रंग चूक असेल, तर एवढ्या वर्षांत ज्या गाड्या रंगवल्या त्यांचं काय? आणि बरोबर असेल तर? मग सोमवारी डॉक्टर काढून टाकणार ते नेमकं काय?

उजव्या डोळ्याने त्याने दुसरा डबा बनवला. निळा कमी, किंचित पिवळा जास्त. हा पट्टा दोन्ही डोळ्यांना दारात विरघळलेला दिसला. म्हणजे हाच खरा. झालं. सुटलं.

घरी येऊन पुष्पाला म्हणाला, "सोमवारी जातो मी."

"मग जाणारच होते ना? काहून विचार करून राहिले?"

तो उत्तर देणार होता, पण पुष्पा ऑइल पेंटच्या भिंतीवरून जुनं कॅलेंडर काढत होती आणि त्याच्यामागे

उजवा

पिवळा चौकोन. भोवतीची भिंत पांढरी, कॅलेंडरमागची पिवळी.

डावा

सगळी भिंत सारखीच.

दोन्ही

"हे पिवळं कधीपासून आहे?"

"अच्छा, आता दिसलं! केव्हाची सांगून राहिली, भिंत रंगवा. ऊन लागत नाही तिथं पिवळं होते ते."

अंबादासने चौकोनाच्या कडेवरून बोट फिरवलं. ऊन लागत नाही तिथं. म्हणजे फियाटच्या पॅडच्या मागेही, अंधारात, पन्नासएक वर्षं. आपण ज्याला मूळ रंग म्हणत होतो तो दारातच पिकत बसलेला.

दुसऱ्या दिवशी दार रिक्षात घालून घरी आणलं आणि गच्चीवर उलटं टाकलं. अर्ध्यावर जाड कागद चिकटवला, अर्धं उन्हात उघडं, पिवळं उतरतं का बघायला. शेजारी पुष्पाच्या मूगवड्या वाळत होत्या. ती म्हणाली, "दोन्ही सोबतच तळू का?"

सोमवार आला, गेला. डॉक्टरांना त्याने ताप आल्याचं सांगितलं. ऊन कडक होतं. पुढच्या आठवड्यात कागद सोलला.

उजवा

झाकलेलं अर्धं पिवळट. उघडं अर्धं निळसर, थंड. त्याने दुसऱ्या डब्याचा पट्टा उघड्या अर्ध्यावर ओढला. ठिगळ. पहिल्या डब्याचा ओढला. पट्टा गेला कुठे?

डावा

सगळंच एक. डाव्याला कधी फरक दिसलाच नव्हता.

मिटून

मग पहिला डबा बरोबर कोणी जमवला? डाव्याने? त्याला तर दिसतच नव्हतं. उजव्याने? त्यालाही तेव्हा मोतीबिंदूच होता. की तरुणपणी याच रंगाच्या फियाट रंगवलेल्या, तेव्हाचा हात आपसूक निळ्याकडे गेला? की नुसतंच लागलं? तो पुष्कळ वेळ गच्चीवर डोळे मिटून बसला. पुष्पाने वड्या उचलल्या, दाराला वळसा घालून खाली गेली.

दोन्ही

गाडी पहिल्या डब्याने रंगवली. लतिका आली, भोवती फिरली, बोनेटवर हात ठेवला.

"काका, हाच होता?"

"हाच."

"मला तर हिरवट आठवतो. बाबा मला गाडीत पुढे उभं करायचे, तेव्हा."

"असेल, दीदी."

"म्हणजे? तुम्हाला खात्री नाही?"

"रंग हाच आहे. कसा जमला ते नका विचारू. मलाच समजून नाही राहिलं."

ती हसली, मग थांबली, कारण तो हसत नव्हता.

पुढच्या सोमवारी रिक्षा दवाखान्याकडे निघाली. अंबादासच्या मांडीवर पहिल्या डब्यातला उरलेला रंग होता, छोट्या बाटलीत, घट्ट बूच लावून. पुष्पाने विचारलं, हे काहून? तो म्हणाला, पट्टी निघाली की आधी हेच बघणार. रंगवणं सोडायचं की नाही, ते मग.

"आणि माझी साडी?"

त्याने उजवा डोळा मिटला आणि डाव्याने तिच्याकडे शेवटचं पाहून घेतलं.

"हिरवी," तो म्हणाला. "आज तरी हिरवीच."