दोन मापांचा जोड

"पाय ठेवा बाई, कागद काई चावत नाई," चपला शिवणारे चांदभाई म्हणाले.

धुरपताबाईंनी पाय उचलला आणि पुन्हा मागे घेतला. "त्याच्यावर अक्षरं हाय ना बापा. अक्षरावर पाय कसा देऊ?"

चांदभाईंनी वर्तमानपत्र बाजूला सारलं. भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरचं एक पान फाडलं आणि कोरी बाजू वर करून जमिनीवर पसरलं.

"याच्या मांगं कोन हाय?"

चांदभाईंनी पान उलटून पाहिलं. "गनपती."

"मंग?"

"तौबा!" त्यांनी पानाची नीट घडी करून ते फळीवर ठेवलं आणि बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला. "घ्या. याच्यावर ना अक्षर, ना देव. आता तरी पाय द्या, नाईतर मी दुकान बंद करून घरी जातो."

दारात उभी असलेली सून, शुभांगी, तोंडाला पदर लावून हसत होती. सासूसुना दुपारीही एकदा येऊन गेल्या होत्या. पण चांदभाईंनी त्यांना परत पाठवलं होतं. रिसोडच्या बाजारात दिवसभर उभं राहून भाजी विकली, की पाय थोडा फुगतो. तेव्हाचं माप खरं. सकाळच्या पायाला बेतलेली चप्पल संध्याकाळी चावते, हे त्यांना चाळीस वर्षांच्या कामाने शिकवलं होतं.

उजव्या पायाभोवती पेन्सिल फिरली. डाव्याच्या वेळी धुरपताबाईंनी लुगड्याचा काठ खाली ओढला. "दोनी सारखेच हाय."

चांदभाईंनी त्यांच्या जुन्या चपलांकडे पाहिलं. पुरुषी मापाच्या, रबरी, टाचेमागे दोन बोटं उरणाऱ्या. "बाई, पाय लपवता येते. चालनं नाई लपत. आना इकडं."

डाव्या पायावर तरुणपणी बैलाने पाय दिला होता. करंगळी वाकडी झाली, पंजा पसरट झाला. तेव्हापासून बाजारातल्या बायकी चपलेत उजवा पाय जायचा, डावा नाही. म्हणून पुरुषी रबरी चपला. त्या उजव्या पायात ढगळ व्हायच्या आणि चालताना टाचेवर आपटायच्या. फटक, फटक, फटक. त्यांच्या गावची, केनवडची पोरं त्यांना 'फटफट आजी' म्हणत. धुरपताबाई पोरांना काकडी देत, हसत. पण घरी आल्यावर चपला जरा जोरातच भिरकावत.

घरी त्या आवाजाचा एक उपयोग मात्र होता. त्यांचे यजमान भगवंतराव अंगणात बाजेवर, भाजीच्या वाडीतल्या वांग्यांकडे तोंड आणि रस्त्याकडे पाठ करून बसलेले असत. रस्त्यावरून फटक-फटक ऐकू आलं, की ते न वळता उठत आणि चहा ठेवत.

आणि आता त्याच वांग्यांना वाशीमच्या कृषी प्रदर्शनात पहिला नंबर मिळाला होता. मंचावर जायचं होतं. नाव पुकारल्यावर दहा-बारा पावलं चालायचं, भरल्या मंडपात. धुरपताबाईंना भाषणाची भीती नव्हती, त्या दहा पावलांची होती.

आठ दिवसांनी जोड तयार झाला. डावी रुंद, उजवी निमुळती. पण शिवण अशी सारखी, की बाजूबाजूला ठेवल्यावरच फरक कळावा.

"आता आयका," चांदभाई म्हणाले. "पह्यल्या दिवशी घरातल्या घरात अर्धा घंटा घाला. दुसऱ्या दिवशी घंटाभर. एरंडीचं तेल बोटानं लावा, थोडंसं. भजे तळून नाई राह्यलो आपन. भिजली त सावलीत वाळवा. उनात नाई, चुलीपाशी त बिलकुल नाई."

धुरपताबाईंनी सगळं ऐकलं आणि घरी जाऊन चपला धुतलेल्या फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवल्या. रोज झाकण उघडून त्या बघत, वास घेत आणि पुन्हा बंद करत. इतकी देखणी वस्तू जमिनीवर घासायची? कार्यक्रमाच्या दिवशी घालू की.

कार्यक्रम चार दिवसांवर आला तेव्हा त्यांनी घालून पाहिल्या. चपला लाकडासारख्या कडक. अंगणात एक फेरी झाली आणि अंगठ्यापाशी फोड आला. तशाच त्या पिशवीत घालून रिसोडला गेल्या.

"चांदभाई, चामडं खराब देल्लं तुमी मले!"

चांदभाईंनी चप्पल उलटी केली. तळ कोरा होता. "हिनं त जमीनच नाई पाह्यली अजून! बाई, तुमी वांग्याचं रोप पेटीत ठेवता काय?"

"वांग्याचं काय काम याच्यात?"

"हेच, की मातीत लावल्याबिगर ते धरत नाई. चप्पलबी तशीच. पाय पडला पाह्यजे तिच्यावर."

त्यांनी बोटाने तेल लावलं, पट्टा दोन्ही हातांत धरून हळूहळू वाकवला, आणि फोडापाशी ठेवायला कापूस दिला. "चार दिस हाय. चालत राहा."

चार दिवस धुरपताबाई अंगणात चालल्या. तुळशीपासून गोठ्यापर्यंत, गोठ्यापासून तुळशीपर्यंत. तेलाच्या वासाने कुत्रं मागे मागे.

"मंचावर चाल्ली का परेडले?" भगवंतराव बाजेवरून विचारत.

"तुमी गप ऱ्हा. चौथा फेरा हाय का पाचवा, इसरली मी!"

चौथ्या दिवशी पट्टा नरमला. चपलेत बोटांचे काळसर ठसे उमटले. उजवीत पाच, डावीत चार आणि एक तिरका.

कार्यक्रमाच्या दिवशी शेतातल्या पंपाला वीज मिळण्याची पाळी नेमकी दुपारी आली, म्हणून भगवंतराव घरीच थांबले. सासूसुना वाशीमला गेल्या. मंडप भरलेला. नाव पुकारलं गेलं. धुरपताबाई उठल्या, ताठ चालत पायऱ्यांपाशी पोचल्या. तिथे उभा असलेला कार्यकर्ता म्हणाला, "आजी, चपला इथंच काढा. वरते दिवा लावला हाय."

धुरपताबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, चपलांकडे पाहिलं आणि त्यांना हसूच फुटलं. पंधरा दिवसांची धडपड, आणि चपला पायरीखाली! त्या अनवाणी वर गेल्या, वाकड्या करंगळीसह. सत्कार करणाऱ्या बाईंची नजर पायाकडे गेली.

"पायाला काय झालं, आजी?"

"बैलानं पाय देल्ला होता. बैल चांगला होता, मीच मधात आली."

खाली आल्या तेव्हा पायऱ्यांशी चपलांचा ढीग झाला होता. एक बाई त्यातली एक चप्पल हातात धरून ओरडत होती, "हे कोनाची वं? एकीत माहा पाय नाचते, दुसरीत घुसतच नाई!"

"माही!" धुरपताबाईंनी प्रमाणपत्राचा हात उंच केला. "एक डाव्या मापाची, एक उजव्या. माह्या पायाबिगर कोनालेच नाई येत!"

रिसोडहून जीप मिळाली. केनवडला उतरल्यावर शुभांगी पुढे चालू लागली. थोडं गेल्यावर ती थबकून वळली. "आई, तुमी मांगंच हाय का? मले वाटलं जीपीतच राह्यल्या!"

"हाय ना वं. चाल."

अंगणात भगवंतराव बाजेवर पाठमोरे बसले होते, मिरच्या निवडत. धुरपताबाई अगदी मागे जाऊन उभ्या राहिल्या तरी त्यांनी मान वळवली नाही. शेवटी धुरपताबाईंनी प्रमाणपत्र नवऱ्याच्या खांद्यावरून पुढे धरलं.

भगवंतराव दचकले. मिरच्या सांडल्या. "कवा आली वं तू?" त्यांनी चुलीकडे पाहिलं. "चहा नाई ठेवला मी. आवाजच नाई आला."

"आता नाई येनार आवाज."

त्यांनी धुरपताबाईंच्या पायांकडे पाहिलं. मग चहा ठेवायला उठले. त्या दिवशी चहात साखर जरा जास्तच पडली.

दुसऱ्या दिवशी धुरपताबाई भाजी विकून परतल्या, तेव्हा अंगणातली बाज फिरवलेली होती. वांग्यांकडे पाठ आणि रस्त्याकडे तोंड करून भगवंतराव बसले होते, आणि चुलीवर चहा उकळत होता.