खंडेनवमीचे ब्रेक पॅड

अण्णाप्पानं आजवर इतक्या थापा मारलेल्या, की त्याचं खरं बोलणंही गल्लीत कुणी खरं धरत नव्हतं. खंडेनवमीच्या सकाळी तो अडकला तो त्यामुळंच.

हातकणंगल्याला दिलेल्या लेकीला, विद्याश्रीला, दसऱ्यासाठी आणायला निघायचं होतं. त्याआधी गाडीचे मागचे ब्रेक पॅड बदलायचे. त्यानं पुढच्या चाकांना दगड लावले, हँडब्रेक सोडला, जॅक चढवून चाक काढलं. झिजलेले पॅड काढून पिस्टन फिरवत फिरवत आत बसवला. नवे पॅड घ्यायला घरात गेला, तर खोकं रिकामं.

पॅड देव्हाऱ्यापुढं! पान्यांच्या शेजारी, विभूतीचे पट्टे ओढलेले, वर तेलात कालवलेलं कुंकू. बायकोनं, रत्नव्वानं, हत्यारांबरोबर त्यांचीही पूजा उरकलेली.

"अगं, तेल पाजलंस की त्यास्नी! आता ब्रेक लागायचा न्हाय."

"लागतोय की. लई बघितल्यात तुमच्या थापा."

"शप्पत!"

"आमटीत पाल पडली म्हणतानाबी शप्पतच घेतलीसा. पातेलंभर आमटी ओतली मी."

शेजारच्या बाबालालनं कुंपणावरनं मान वर काढली. "वैनी, आज खरं बोलतोय ह्यो."

"तुमी तर ह्यांचंच जोडीदार!" पण रत्नव्वाचा चेहरा उतरला. "पूजेचं बाजूला सारलं तर अपशकुन हुतोय. मी न्हाय बसायची त्या गाडीत. तुमचं तुमी जावा."

आई आली नाही तर लेक दारातच हिरमुसणार. अण्णाप्पानं डोकं खाजवलं. मग स्वयंपाकघरातनं तेल आणून रत्नव्वाच्या तळव्यावर ओतलं आणि लोणच्याची बरणी पुढं केली. "उघड."

तिनं जोर लावला. हात फिरला, झाकण हललं नाही. परत तसंच.

"पॅडबी चाकाला असंच आवळून धरत्यात. तेलाच्या हातानं धरतील व्हय?"

तिनं पदराला हात पुसले. "असं सरळ सांगायचं न्हाय व्हय आधी?"

"मघापास्नं काय भजन म्हणतोय?"

बाबालालनं मोटरसायकल काढली, दुकानातनं दुसरे नवे पॅड आणले. अण्णाप्पानं हात धुऊन ते बसवले, चाक आवळलं, पेडल कडक होईस्तोवर दाबत राहिला. गल्लीच्या टोकापर्यंत हळूहळू ब्रेक मारत गेला आणि आला.

दारात रत्नव्वा तेल-विभूती घेऊन उभी. अण्णाप्पा टुणकन उतरला आणि हात पसरून चाकापुढं उभा राहिला.

"चाकाला न्हाय हो," म्हणत तिनं त्याच्याच कपाळावर पट्टे ओढले, उरलेलं तेल टकलावर थापलं. "ब्रेक तुमीच मारणार न्हवं?"

बाबालाल हसून कुंपणावर वाकला. रत्नव्वा गाडीत बसली, पदर आवरला, दार ओढून घेतलं.

"चला. आन बोलत बसू नका, म्होरं बघा."