साठ वावांचा दोर

मी दोर बोलतोय. काथ्याचा, अंगठ्याएवढा जाड. डहाणूच्या खाडीकाठी कोळ्यांची एक खोप आहे, तिथे खुंटीला माझं वेटोळं टांगलेलं असतं.

छप्पन साली खाडीच्या तोंडाशी खडकावर एक होडी फुटली आणि काठावरच्यांना नुसतं बघत राहावं लागलं. मग काळू तांडेलाने ओहोटीला काठावरच्या सुरूच्या झाडापासून खडकापर्यंत अंतर मोजलं. बांधायच्या गाठी धरून साठ वाव भरलं; वाव म्हणजे पसरलेल्या दोन्ही हातांएवढं. तेवढा लांब मला वळून घेतलं. ठरलं असं, की मला दुसऱ्या कामाला लावायचं नाही आणि दर नारळी पौर्णिमेला वेटोळं उलगडून मोजायचं.

पहिल्या वर्षी मोजलं. दुसऱ्या वर्षी हळदकुंकू वाहून हार घातला; हार विस्कटेल म्हणून मोजायचं राहिलं. काळूच्या होडीवरचा रामू म्हणाला, आता याचं लगीनच लावा. सगळे हसले. पुढे पूजा तेवढी उरली.

एकदा चंदरची बायको देवकी आली. बोंबील वाळवायच्या मांडवाचा दोर तुटला होता. "काळूदादा, दोन वाव देता?"

काळूने कोयता पुढे केला. "घे गो. साठातले दोन गेले तर खडक काय लांब जाणार?"

तिचं बघून आणखी पाच जणी आल्या आणि दोन-दोन वाव कापून घेऊन गेल्या.

साठ सालच्या कार्तिकात भर दुपारी वादळ उठलं. चंदरची होडी त्याच खडकावर आपटली. रामूने मला कमरेला बांधून उडी घेतली. चंदर अजून बारा वाव पुढे असतानाच मी ताठ झालो. रामूने कमरेच्या गाठीला हात घातला, पण काठावरच्यांनी त्याला ओढून घेतलं. पुढची लाट ओसरली तेव्हा खडकावर कोणी नव्हतं. देवकी तिकडे बघत नव्हती. ती माझ्या कापलेल्या टोकाकडे बघत होती.

बारावं झाल्यावर ती बोंबील उतरवून आपला तुकडा घेऊन आली. तो मला जोडायची गाठ तिनेच मारली. मग ती त्या पाच जणींच्या दारी गेली. त्या म्हणाल्या, "एवढे बोंबील सुकले की आणून देतो, वहिनी."

ते सुकले, बाजारात गेले. त्याच दोरांवर नवे चढले. आज सकाळी त्या पाचांपैकी तिघींचे नवरे होड्या घेऊन समुद्रात गेले आहेत. तुम्ही तिकडे जाणार असाल तर त्यांना सांगा, मी पन्नासच वाव आहे.