शंभरातला एक

"लक्ष कुठं होतं तुझं?" भाऊजींच्या गळ्यात लोंबणाऱ्या हेडफोनमधला आवाज मला दारापर्यंत ऐकू आला. मी माझ्या लेकीला, ठकीला, खांद्यावर घेऊन उभी होते. पडद्यावर पंचवीस माणसं गुहेत आडवी पडली होती. त्यांत भाऊजींचा मांत्रिकही होता.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर, लिफ्ट दुरुस्त करतात. आठवडाभर अंगाला ग्रीस लागलेलं असतं. रविवारी दुपारी मात्र अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून चारच्या ठोक्याला कॉम्प्युटरसमोर बसतात. नऊ वर्षं त्याच चोवीस जणांबरोबर तोच ऑनलाइन खेळ. त्यांतल्या एकालाही त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. गटाच्या म्होरक्याला आमच्या घरात मुकादम म्हणतात, कारण त्याचा आवाज आला की माझा नवरासुद्धा सोफ्यावर नीट बसतो.

लग्नानंतर मी एकदा विचारलं होतं, बाकीच्यांचे मांत्रिक झगमगतात, तुमचाच अंगरखा एवढा कळकट का? त्यांनी मला लिफ्टवरून समजावलं. लिफ्टला दोन दारं असतात, मजल्याचं बाहेरचं आणि केबिनचं आतलं. मंत्र टाकला की खेळ आधी एक सोडत काढतो, लागला की नाही. ते बाहेरचं दार. लागला तरच दुसरी सोडत, नुसता लागला का दीडपट जोराने, ते आतलं दार. त्या दीडपटीला क्रिट म्हणतात. क्रिट झाला की आकडा मोठा आणि पिवळाधमक दिसतो, म्हणून जो तो क्रिट वाढवणाऱ्या काठ्या नि अंगठ्यांच्या मागे.

"बाहेरचं दारच उघडलं नाही, तर आतल्याला सोन्याचा मुलामा देऊन काय करायचंय, वहिनी?"

मोठ्या राक्षसावर साध्या मांत्रिकाचा नेम शंभरात सतरा वेळा चुकतो. नेम वाढवणाऱ्या जुनाट वस्तू जमवून भाऊजींनी त्यांतले सोळा घालवले. उरला एक. तो खेळ बनवणाऱ्यांनीच ठेवलेला, काहीही अंगावर घाला, जात नाही. लिफ्टचं दार दुरुस्त केलं की ते शंभरदा उघडझाप करून डायरीत रेघा मारतात. तशाच त्यांनी हजार मंत्रांच्या रेघा मारल्या. अकरा चुकले. "बरोबर आहे," म्हणाले आणि डायरी मिटली.

याचा परिणाम असा, की राक्षसाला कुणी किती घायाळ केलं त्या यादीत भाऊजी कायम अठरावे नाहीतर एकोणिसावे. पण राक्षस सगळ्यांना भस्म करणारा मंत्र पुटपुटू लागला की दोन सेकंदांत तो तोडायचं काम मुकादमाने त्यांनाच दिलेलं. त्या कामावरच त्यांची गटातली जागा टिकून होती. आठ महिने ते एकदाही चुकले नव्हते. त्या रविवारी चुकले.

मुकादमाने पुन्हा विचारलं. मागे पोर रडत होतं, मधेच उठला होतास का? खेळाच्या नोंदीत नुसतं 'लागला नाही' एवढंच दिसायचं, कळ उशिरा दाबली तरी तेच. पण त्या प्रश्नात सुटकेची वाटही होती. पोर आजारी असलेल्या घरावर कोण रागावणार? मी भाऊजींना खुणावलं, सांगा ना.

ठकी खरंच आजारी होती. शुक्रवारी तिला तापात झटका आला होता, आयुष्यातला दुसरा. पहिल्या वेळीच डॉक्टर म्हणाले होते की तिघांतल्या एकाला पुन्हा येतो, औषधाने ताप उतरतो पण झटका टळेलच असं नाही. मी ते ऐकलं होतं, मानलं नव्हतं. दर तासाला ताप मोजायचा, वहीत लिहायचं, हे मी नेमाने करत होते. शुक्रवारी दोनचं औषध सव्वादोनला दिलं, कारण ती नुकती झोपली होती. पाचला झटका आला. भाऊजींनी तिला कुशीवर वळवलं, घड्याळ बघत बसले आणि म्हणाले, दीड मिनिट झालं, थांबतंय. त्या पंधरा मिनिटांचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

भाऊजींनी माइकवर हात ठेवला. "मी कळ वेळेवर दाबली होती, वहिनी. पोरीच्या नावावर कशाला घालू?"

मग हात काढून म्हणाले, "उठलो नव्हतो. टाकला, लागला नाही. शंभरातला एक."

पलीकडे कुणीतरी हसलं. चुकणाऱ्या प्रत्येकाला नेमका तोच एक सापडतो, असं काहीतरी बोललं. मुकादमाने शांतपणे सांगितलं की पुढच्या रविवारपासून मंत्र दुसरा कुणीतरी तोडेल, तू राखीवमध्ये थांब. भाऊजी "बरं" म्हणाले.

त्यांना बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, आठ महिने नेम चुकला नव्हता, कधीतरी चुकायचाच होता.

"तसं नसतं. दार मागचं मोजत नाही. दर वेळी शंभरात एकच."

ठकी माझ्या खांद्यावर घामेजली होती. ताप उतरत होता. मी म्हटलं, "भाऊजी, शुक्रवारी मी औषध सव्वादोनला दिलं."

ते वळले. "वहीत काय लिहिलंय?"

"दोन."

त्यांनी हेडफोन गळ्यातून काढून ठेवला. मग म्हणाले, "खरं लिहा. उशीर तो उशीर. पण झटका त्याच्या नावावर घालू नका."

मी दोन खोडून सव्वादोन लिहिलं. सोमवारी डॉक्टरांनी वही चाळली. त्या आकड्यावर ते थांबलेही नाहीत.

पुढच्या रविवारी भाऊजींनी अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि चारला बसले. कुणाची लाइन गेली तर बोलावणं येतं, म्हणून राखीव माणसाने तयार असायचं असतं. त्यांचा मांत्रिक एका वेशीपाशी उभा होता. तिथे सरावासाठी एक गवताचा पुतळा आहे. ठकी त्यांच्या मांडीवर बसून कळ दाबत होती, ते डायरीत रेघा मारत होते. हेडफोन गळ्यात नव्हता, कानांवर होता.

सहा वाजले. बोलावणं आलं नाही. त्यांनी रेघा मोजल्या, खाली लिहिलं, एकशे चाळीस, चुकले दोन. मग ठकीला माझ्याकडे दिलं, शर्ट काढला आणि इस्त्री मोडणार नाही असा हँगरला लावला.