तीन तऱ्हेचे आटे

डॉक्टरीणबाईंनी सुजलेला ओठ चिमट्याने उचलला आणि तुटलेल्या दाताची कपची ट्रेमध्ये टाकली. टण्णकन वाजली. खुर्चीतली बायको डोळे मिटून होती. गालावर चार बोटं उमटलेली. पाचवं बहुधा कानामागे गेलं असावं.

"पायऱ्यांवरून पडली," नवरा म्हणाला. "वेंधळी आहे हो! दोन वर्षांपूर्वी स्कूटरवरून अशीच तोंडावर आपटली. हे तीन खोटे दात तेव्हाच बसवले, एका दमात."

"कुणाकडे?"

"आता नाव कुठलं लक्षात राहतंय! तुम्ही आपला हललेल्या दाताचा स्क्रू घट्ट करा, आम्ही सुटलो."

घट्ट करायला नेमका पाना लागतो आणि पाना ठरतो इम्प्लांटच्या, म्हणजे हाडात बसवलेल्या स्क्रूच्या घडणीवरून. डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे पडद्यावर मोठा केला. हाडात रुतलेले तीन स्क्रू. पहिला सरळसोट, गळ्यापर्यंत बारीक आटे. दुसरा गाजरासारखा निमुळता, टोकाला खाच. तिसऱ्याचे आटे चांगले ऐसपैस आणि गळा गुळगुळीत. तीन कंपन्या! एका बैठकीत असली खिचडी कुठलाच दातवाला करत नाही. ज्या कंपनीचे पाने हाताशी, तिचाच स्क्रू. म्हणजे तीन दवाखाने. दर वेळी नवा डॉक्टर, कुणी "पुन्हा?" म्हणू नये म्हणून.

"आणखी एक एक्स-रे काढते. किरणं असतात, तुम्ही बाहेर थांबा."

"मी नाही घाबरत किरणांना."

"मी घाबरते. निघा."

तो गेल्यावर त्यांनी कडी लावली, तिच्या तोंडातला लाल कापूस काढला आणि पडद्यावरच्या पहिल्या स्क्रूवर बोट ठेवलं.

"हा?"

"इस्त्री."

"हा?"

"दाराची चौकट."

तिसऱ्याला तिने नुसती मूठ वळून दाखवली.

दारावर लाथ बसली. "एवढा वेळ लागतो होय?" दुसऱ्या लाथेला कडी हलली, ट्रेमधली हत्यारं खुळखुळली. ती सवयीने अर्धी उठली, चपला चाचपू लागली. डॉक्टरीणबाईंनी अडवलं नाही. फोनवर हात ठेवून तिच्याकडे बघत राहिल्या.

तिसरी लाथ.

ती पुन्हा टेकून बसली. मग डाव्या बाहीचं बटण सोडून, कधीतरी मोडून वाकडाच जुळलेला हात तिने एक्स-रे मशीनपुढे धरला.

"ह्यात हात मावतो का हो?"