धाब्यावरची काळी माती

तुम्ही खोटं लिहिलं आहे. "धाबं चोपणाऱ्या बाईच्या अडाणीपणामुळे घर बसलं," असं तुमच्या कचेरीच्या माणसानं पंचनाम्यात लिहिलं, तेव्हा ती बाई त्याच्यासमोर चिखलात उभी होती. तिला वाचता येत नाही. मला येतं, म्हणून हे लिहितो.

ती बाई झुंबरबाई. माझी मावशी. साखरखेर्ड्याच्या आसपासच्या खेड्यांत चाळीस वर्षं तिनं हेच काम केलं. आमच्याकडच्या घरांना सपाट धाबं असतं. लाकडी मयाल, म्हणजे तुळया, त्यांवर फळ्या, फळ्यांवर तुराट्या आणि वर हातभर माती. ती माती गावाबाहेरच्या पडक्या गढीची. पांढरी, खारट. दर उन्हाळ्यात तिचा नवा थर द्यायचा, भिजवायचा आणि लाकडी चोपण्यानं चोपायचा. मग कितीही पाऊस पडो, थेंब खाली येत नाही. मावशी चिमूटभर माती जिभेवर ठेवायची आणि सांगायची, ही चालते, ही नाही चालत. तिनं चोपलेलं धाबं गळलं, असं कोणी म्हटलेलं मी ऐकलं नाही.

मग तुमचे एक साहेब दौऱ्यावर आले. गढीत त्यांना एक कोरीव दगड दिसला. महिन्याभरात तिथं पाटी लागली : खोदणाऱ्यास दंड होईल. दगड कोणी नेला नाही, बघायलाही कोणी परत आलं नाही. पाटी राहिली. पहिलं साल लोकांनी जुन्या थरावर काढलं. दुसऱ्या साली घरं गळू लागली.

गेल्या वैशाखात पुंजाजी मावशीकडे आला. पुंजाजी विहिरीच्या पाण्यावर वांगी-मेथी लावणारा माणूस. सोबत त्याची बायको वच्छलाबाई.

"झुंबरबाई, पोरगी शालू येऊन राह्यली पहिल्या बाळंतपणाले. मागच्या साली घरात भांडे मांडू मांडू थकलो."

"भांडे मी मांडले," वच्छलाबाई म्हणाली. "हे खाटेवर बसून थेंब मोजत होते."

"बरं, तू मांडले. आता वर काय टाकू ते सांग."

मावशी म्हणाली, "टिन टाक."

"टिनाले परवाना लागते. गेलतो कचेरीत. बाबू म्हणे, लढाई सुरू हाये, टिन तिकडं लागते. म्या म्हणलं, तिकडं बी कोणाची बाळंतीण हाये का?"

"मंग कवेलू?" मावशीनं कौलांचं विचारलं.

"कवेलूले उतार लागते. भिंती उचला लागतीन, आढं लागन. अन् भट्टीले लाकूड कोण देते? जंगलवाला काडी उचलू देत नाही."

"तं गवताचं छप्पर कर," मी मधेच म्हणालो.

मावशी माझ्यावर खेकसली, "बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी राह्यते, समजते का बे? घराले घर लागून हाये. एक ठिणगी उडाली का गल्ली गेली."

राहिली पांढरी. मी तुम्हाला अर्ज लिहिला : गढीच्या पायथ्याची चार गाड्या माती द्यावी, दगडाला हात लावणार नाही. दोन अर्ज टपालानं धाडले, तिसरा स्वतः घेऊन गेलो. "ठेवून जा," म्हणाले. ठेवून आलो.

उत्तर आलं नाही. मृग तोंडावर आला. पुंजाजी म्हणाला, "वावरातली काळी टाकू."

"काळी पाणी पेते," मावशी म्हणाली. "पेली का फुगते, जड होते. ते पिकाची माती हाये, पुंजाजी. धाब्याची नाही."

"मंग पोरगी कुठं ठेवू? झाडाखाली?"

तेव्हा वच्छलाबाई जवळ आली आणि तिनं मावशीचा हात धरला. "माय झुंबरे, तुया हातानं टाक. तुया हातची असली तं मले भेव नाही."

मावशीनं काळीत मुरूम घातला, राख घातली, शेण घातलं, भुसा घातला. चार दिवस चोपलं. ती माती तिनं जिभेवर ठेवली नाही. मयालाखाली दोन टेकू लावायला सांगितले आणि उतरली.

श्रावणात झड लागली. सहा दिवस सूर्य दिसला नाही. गढीची पांढरी माती वाहून नाल्यात येत होती, ताकासारखं पाणी गावाशेजारून जात होतं. लोक काठावर उभे राहून बघत होते. पावसाला तुमचा दंड नाही.

सहाव्या दिवशी दुपारी मावशी डोक्यावर पोतं घेऊन पुंजाजीच्या घरी गेली. मीही गेलो. तिनं मयालाला तळहात लावला आणि ओरडली, "निंघा! हे कण्हून राह्यलं!"

बारा दिवसांची पोर मी उचलली. शालूला दोघींनी धरून बाहेर आणलं. सगळे अंगणात आलो, पावसात. पोर भिजून रडायला लागली.

"दुपटे कोरडे हायेत आतमंदी," वच्छलाबाई म्हणाली. "तेवढे आणतो."

"नोको जाऊ, वच्छला!" मावशी म्हणाली.

ती गेली. आठ-दहा पावलं असतील. आवाज फार मोठा झाला नाही. ओल्या मातीचा होत नाही.

दिवस मावळेपर्यंत आम्ही माती काढत होतो. मावशी सगळ्यांच्या पुढं होती. तिच्या हाताला लागलेली काळी निघता निघत नव्हती.

दुसऱ्या दिवशी तुमचा माणूस आला. छत्री दुसऱ्यानं धरलेली.

"हे धाबं कोणी चोपलं?"

पुंजाजी खाली मान घालून म्हणाला, "आठवत नाही, साहेब." बायको जाऊन एक रात्र झाली होती, आणि तो माणूस मावशीला वाचवत होता.

मावशी पुढं झाली. "म्या चोपलं."

"कोणत्या मातीचं?"

"काळीचं."

"काळी चालत नाही, हे तुला माहीत होतं?"

"हाव. माहीत होतं."

"मग टाकली कशाला?"

"पांढरीसाठी तीन अर्ज दिलते, साहेब."

"ते इथं लिहिता येत नाही," तो म्हणाला. मग अंगठा मागितला. अंगठा मातीनं भरलेला होता, म्हणून आधी हात धुऊन यायला सांगितलं. ती गेली. नाल्यावर बसून हात धुतले, पदराला पुसले, परत आली आणि तुमच्या कागदावर अंगठा दिला.

त्यानंतर ती कोणाच्या धाब्यावर चढली नाही. माणसं येतात, दारात उभी राहतात. ती त्यांना पाणी देते.

शालूला सासरी नेलेलं नाही. बाप एकटा आहे, म्हणून ती राहिली. बापलेक आणि ती पोर महादेवाच्या देवळाच्या ओसरीत झोपतात. पुंजाजीनं ढिगारा उपसून घर मोकळं केलं. त्याच्या चारही भिंती अजून उभ्या आहेत. तो रोज मला विचारतो आणि मला सांगता येत नाही. म्हणून तुम्हाला विचारतो, आणि या वेळी उत्तर पाहिजे, लेखी पाहिजे, खाली सही पाहिजे.

मृगाला बावीस दिवस उरले आहेत. त्या भिंतींवर काय टाकायचं?