मैनाबाईंच्या रुखवतातली वाटी

मित्रांनो, मी कापडे गावातल्या तुळजाबाईंच्या घरातली एक जुनी जर्मलची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, वाटी आहे. वजनाला हलकी, काठाला एक पोचा. मी सांगणार आहे ती बदल्याची गोष्ट आहे. आधीच सांगितलेलं बरं.

माझा जन्म कारखान्यात झाला. पत्रा कापला, दाबला, झाली वाटी. त्यातलं फार आठवत नाही. आठवतं ते महाडच्या बाजारातलं भांड्यांचं दुकान. तुळजाबाई आल्या, आम्हा छत्तीस जणींना त्यांनी निवडलं आणि दुकानदाराला म्हणाल्या, "नाव घालून दे." त्यानं टोच्यानं ठिपके ठोकत माझ्या काठाखाली 'तुळजा, कापडे' असं लिहिलं. आमच्याकडे भांड्याला नाव लागतंच. गावात कार्य निघालं की भांडी या घरातून त्या घरात फिरतात. नाव असलं की परत येतात.

मी खूप फिरले. बारसं, पूजा, हळद. माझ्यातून किती जणांनी वालाचं बिरडं ओरपलं त्याला मोजदाद नाही. पंगतीत लोक म्हणायचे, "तुळजाबाईच्या वाट्या आणा, त्यात कालवण गार होत नाय." तसं काही नव्हतं. पण ऐकायला बरं वाटायचं.

मग एका बारशाला मला मैनाबाईंनी नेलं. मैनाबाई म्हणजे गावातलं मोठं घर. नदीकडची निम्मी भातशेती त्यांची. त्यांनी ज्या बाईला बोलावलं नाही, तिला गावात हळदीकुंकवाला कोणीच बोलावत नाही. पस्तीस वाट्या परत गेल्या. मी राहिले. तुळजाबाई विचारायला आल्या तर मैनाबाई म्हणाल्या, "जर्मलची वाटी ती. तिच्यावाचून काय जेवण अडलंय तुमचं?"

तुळजाबाई निघून गेल्या. मला खुराड्यापुढे ठेवलं. चार वर्षं कोंबड्या माझ्यात चोची बुडवून पाणी प्यायल्या. त्या प्यायल्या ते ठीक. पण त्या माझ्यात उभ्या राहायच्या, आणि बाकीचं पण करायच्या.

कोणी म्हणेल, वाटीनं माफ करावं. आधी चार वर्षं तिथं राहून बघा, मग बोला.

मला सोडवलं रेश्मानं. रेश्मा तुळजाबाईंची सून. नवरा किशोर मुंबईला नोकरीला. गणपतीला येताना त्यानं एक छोटा ओव्हन आणला होता. रेश्मा मोबाइलवर बघून बघून केक शिकली. पहिले दगड झाले, नंतरचे चांगले झाले. साचे नव्हते म्हणून माळ्यावरच्या माझ्या बहिणी काढल्या. एका वाटीत एक कपकेक. हळूहळू वाढदिवसाला गावातले लोक मागायला लागले. पण कापड्याबाहेर तिला कोणी ओळखत नव्हतं. तिला तालुक्याला, पोलादपुरात, नाव करायचं होतं. बाकी काही नको होतं तिला.

मैनाबाईंच्या मुलीचं, प्रियदर्शिनीचं, लग्न ठरलं. मुलगा शिवथरचा, लग्न पोलादपूरच्या हॉलमध्ये. मैनाबाईंनी रेश्माला अंगणात बोलावलं. मी समोरच होते.

"अडीचशे कपकेक लागतील रुखवताला. अंडं घालू नको, घरात देवक बसणार हाय."

"करते की काकी. माझ्या नावाची एक चिठ्ठी तेवढी बाजूला ठेवू द्या. सगळं खोरं जमेल तिथं."

"चिठ्ठी कशाला? रुखवतात पोरीच्या हातचं लागतं. आमच्या प्रियानं केले असंच सांगणार मी. आणि तू पण तेच सांगायचं. कळलं?"

उठताना रेश्माचं लक्ष खुराड्याकडे गेलं. तिनं मला उचललं, पाणी ओतलं, काठाखालचं नाव वाचलं आणि पिशवीत टाकलं. मैनाबाईंनी बघितलं. बघून न बघितल्यासारखं केलं.

घरी मला राखेनं घासलं. तीनदा. तुळजाबाईंनी स्वतः घासलं.

दुसऱ्या दिवशी रेश्मानं माझ्यात एक केक करून बघितला. मैदा, दही, पिठीसाखर, तेल, सोडा. मैनाबाईंनी वाटीत घालायला गुलाबी कागद पाठवले होते. ते वाया जायला नकोत म्हणून नुसतं तेल लावून केला. गार झाल्यावर मला पालथं करून ठोकलं, केक हातावर आला. आणि त्याच्या कडेला बारीक ठिपके उमटलेले. 'तुळजा'.

रेश्मा बघतच राहिली. "आई, तुमचं नाव आलंय केकवर."

"माझं कशाला? केक काय मी केलाय?" तुळजाबाई म्हणाल्या. "खिळा आण. तुझं घाल."

"काकींना कळलं तर?"

"कळायलाच पायजे. नायतर ठोकायचं कशाला?"

मित्रांनो, त्या दुपारी दोघी ओटीवर बसल्या. तुळजाबाईंनी माझ्या पोटात फडक्याचा बोळा कोंबून मला पालथं धरलं आणि रेश्मानं बोथट खिळ्यानं माझ्या बुडावर एकेक ठिपका हाणला. आतून उठला पाहिजे, पण भोक नाही पडलं पाहिजे. रे-श्मा. प्रत्येक घावाला मला मैनाबाई आठवत होत्या. छत्तीस जणींची बुडं ठोकून झाली तेव्हा रेश्माच्या अंगठ्याला फोड आला होता.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी सातला पीठ कालवायला घेतलं. छत्तीस वाट्या, सात घाणे. पहिला घाणा ओव्हनमधून निघाला आणि लाइट गेली.

"गेली मेली," रेश्मा म्हणाली. "आता?"

"आता काय, चूल हाय ना. ओव्हन यायच्या आधी माणसं उपाशी होती काय?"

चुलीवर मोठे टोप चढवले, तळाला रेती घातली, वर ताट, ताटात आम्ही, आणि झाकणावर निखारे. चूल पेटवायला तुळजाबाईंनी हाताला लागलं ते घेतलं. गुलाबी कागद. सगळे.

"आई, ते काकींचे हाईत."

"छान जळतात."

धूर होता, घाम होता. आम्ही भरत होतो, भाजत होतो, रिकाम्या होत होतो, परत भरत होतो. एका घाण्याला मधले तीन बसले. ते तुळजाबाईंनी आणि शेजारणींनी चहाबरोबर संपवले. बदली तीन ओव्हनमध्ये झाले, लाइट आल्यावर. शेवटच्या घाण्याचे छत्तीस रेश्मानं वाटीतच ठेवले, टेम्पोत चिरडू नयेत म्हणून. म्हणून मी लग्नाला गेले.

पोलादपूरच्या हॉलमध्ये रेश्मानं सगळे केक थर लावून मांडले. मैनाबाई येऊन म्हणाल्या, "झालं ना? आता मागं जाऊन बस. पुढं दिसू नको."

ती मागं गेली.

मग वरपक्षाच्या बायका रुखवत बघायला आल्या. पुढे नवऱ्या मुलाची आत्या, ठकूबाई. त्यांच्या जिभेला शिवथर घाबरतं म्हणे. त्यांनी मलाच उचललं.

"हे काय म्हणायचं गो? वाटीतली इडली?"

"कपकेक हाईत," मैनाबाई म्हणाल्या. "आमच्या प्रियानं सोताच्या हातानं केले. अडीचशे."

"अडीचशे! मग आमच्या घरच्या भाकऱ्या म्हणजे हिला खेळच."

बायका हसल्या. ठकूबाईंनी मला तळहातावर पालथं करून ठोकलं. केक सुटला, बूड वर करून पडला. त्यांनी चष्मा सारखा केला.

"रेश्मा," त्यांनी वाचलं आणि नवरीकडे बघितलं. "पोरी, लग्नात नाव बदलतात ते मला ठाऊक हाय. पण अक्षता पडायच्या आधीच? आणि आम्हाला न विचारता?"

दुसऱ्या बाईनं एक उचलला. "माझ्या पण बुडाला रेश्मा."

"ती कंपनी हाय," मैनाबाई म्हणाल्या. "साच्याची."

ठकूबाईंनी मला फिरवलं. "कंपनी कापड्याची दिसतेय. काठाला लिवलंय. कापडे तर तुमचंच गाव ना?"

मैनाबाई एक केक उलटा करून बूड बघायला लागल्या. मित्रांनो, मी तो चेहरा पोटभर बघितला.

पण शेजारी प्रियदर्शिनी उभी होती. तिचे डोळे भरले. ती म्हणाली, "आत्या, मी नाय केले. रेश्मावैनीनं केलेत. मला एक पण येत नाय."



"खरं बोललीस, बास," ठकूबाई म्हणाल्या. "केक शिकता येतो. आता जिनं केलं तिला बोलवा. तिला कुंकू लावल्याशिवाय मी हा खाणार नाय. मैनाबाई, तुम्हीच लावा. तुमच्या घरचं कार्य हाय."

रेश्मा मागून आली. पदराला केकचा चुरा. सगळ्या खोऱ्यातल्या बायका बघत होत्या. मैनाबाईंनी करंडा घेतला. कुंकू लावलं, थोडं रेश्माच्या नाकावर सांडलं. रेश्मानं ते पुसलं नाही.

मैनाबाई तिच्या कानाशी म्हणाल्या, "परत तुझ्याकडनं काय घेईन तर शपथ."

"नका घेऊ काकी," रेश्मा तितक्याच हळू म्हणाली. "घेतलंत तर परत मात्र द्या."

तेव्हापासून मैनाबाईंच्या घरचं बोलावणं आम्हाला बंद आहे. तुळजाबाईंना हळदीकुंकवाला कोणी बोलवत नाही. त्यांना त्याचं वाटतं, मला दिसतं. प्रियदर्शिनीला सासरी अजून कोणीतरी रेश्मा म्हणून चिडवतं. तिचं मला वाईट वाटतं, तिनं माझं काही वाकडं केलं नव्हतं. पण पोलादपुरातून, शिवथरमधून, अगदी कशेडी घाटाच्या पलीकडून फोन येतात, आणि ते रेश्माच्या नावानं येतात.

मित्रांनो, दुसऱ्याचं भांडं आणलंत तर घासून परत करा. दुसऱ्याच्या हातचं खाल्लंत तर त्याचं नाव सांगा. अशा गोष्टींच्या शेवटी विनंती करायची पद्धत आहे. मी विनंती करत नाही. मी सांगून ठेवते आहे.